थोरलीची पाठवणी

"अक्का, आतच झोपलात काय? काय म्हणतीय थोरली?"

महानंदाचं कमरेपासून वरचं अंग विमानाच्या पोटात होतं आणि पाय तेवढे बाहेर शिडीवर. तोंडात बारकी टॉर्च धरलेली, त्यामुळे बिंदुमाधव सरांना उत्तर द्यायची सोय नव्हती. खरं म्हणजे तिला ती सोय नकोच होती. वायरींची एक जुडी तिनं नुकतीच बोटांनी अलगद वाकवून पाहिली होती, आणि वायरीवरचं आवरण जुन्या पापडासारखं मोडून तिच्या तळहातावर पडलं होतं.

तिनं ते चुरे मुठीत धरले आणि पुढच्या जुडीला हात घातला. तिथंही तेच. त्याच्या पुढं मात्र जरा बरं वाटलं, म्हणून ती लगेच खूश झाली; आजारी लेकराचं अंग एका ठिकाणी गार लागलं की आईला ताप उतरल्यासारखा वाटतो, तशी.

"अजून बघायलोय सर," टॉर्च काढून ती आतूनच म्हणाली. माहेर तिचं निपाणीचं. तिकडच्या बायकांसारखी स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलायची. बंगळुरात संसाराची पंचवीस-तीस वर्षं झाली, कानडी पाण्यासारखं यायला लागलं, पण ती सवय काही सुटली नाही.

"बघा सावकाश. पण उद्या सकाळी मला सांगायला पाहिजे. दिल्लीला कळवायचं आहे."

हवाई दलाची तीन जुनी बाँबफेकी विमानं गेल्या महिन्यात कारखान्याच्या हँगरमध्ये येऊन उभी राहिली होती. त्यांना नवे डोळे, नवे कान बसवून आणखी काही वर्षं उडवायचं, की आता पुरे म्हणून घरी बसवायचं, यावर मोठमोठी माणसं वाद घालत होती. टीव्हीवर एक गृहस्थ म्हणायचे, म्हाताऱ्या विमानांवर पैसा ओतण्यात काय अर्थ आहे. दुसरे म्हणायचे, नवी येईपर्यंत आभाळ काय भाड्यानं द्यायचं. शेवटी असं ठरलं की प्रत्येक विमान उघडून बघा आणि ज्याचं त्याचं वेगळं सांगा. सांगाडेवाल्यांनी तिघींना 'हो' म्हटलं होतं, इंजिनवाल्यांनीही म्हटलं होतं. आता वायरिंग राहिलं होतं. सही बिंदुमाधव सर करणार, पण पेन उचलण्याआधी ते महानंदाच्या तोंडाकडं बघणार, हे सगळ्या हँगरला ठाऊक होतं.

थोरली, मधली, धाकटी ही नावं महानंदानंच ठेवलेली. मधली आणि धाकटी तिला तशा नव्या होत्या. थोरली मात्र जुनी ओळखीची. हिचं मागचं मोठं काम झालं तेव्हा महानंदाला सातवा महिना होता आणि वैमानिकाच्या जागेमागच्या साऱ्या वायरी तिनं स्वतः बांधल्या होत्या. तपासणीचं यंत्र गुणगुणायला लागलं की पोटातलं बाळ हमखास लाथ मारायचं. शेवटी तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "बाई, आता तुम्ही या दारातून आत जाल, पण बाहेर येणार नाही. घरी जा." ती घरी गेली, सिद्धी झाली, आणि थोरली उडून गेली. म्हणून तर ती थोरली. सिद्धीच्या आधी उभी राहिलेली.

तीच आता पोट उघडं टाकून समोर उभी होती, आणि हिला आणखी एकदा आभाळात पाठवावं असं महानंदाला इतकं वाटत होतं की स्वतःच्या बोटांवरही तिचा विश्वास बसेना.

दुपारी डबे उघडले. नागराज तांदळाच्या अक्की रोट्टीचा तुकडा मोडत समोर येऊन बसला. हँगरची जमीन स्वच्छ ठेवायचं काम त्याच्याकडं, त्यामुळे ती जमीन आपल्या वडिलांनी ठेवून दिलीय अशाच थाटात तो वावरायचा.

"स्वल्प ऐका अक्का. जुनं काय टाकायचं नाय. माझी स्कूटर बघा. सीट नवीन टाकला, इंजिन नवीन टाकला, चाक नवीन, दिवा नवीन. फर्स्ट क्लास चालते."

"मग जुनं काय राहिलं तिच्यात?"

नागराजनं विचार केला. "हॉर्न."

"म्हणजे जुना हॉर्न घेऊन नवीन गाडीवर हिंडतोस तू. आणि वर सांगतोस, स्कूटर टिकली."

सगळे हसले, नागराज सर्वांत जास्त. तेवढ्यात बिंदुमाधव सर एका उंच तरुणाला घेऊन आले. स्क्वाड्रन लीडर यशोवर्धन, नागपूरचा. थोरलीवर बरीच वर्षं उडालेला. हातात संत्रा बर्फीचा डबा.

"ताई, तुमच्याकडेच आलोय. सर म्हणाले, फायनल वर्ड तुमचा."

"बसा की साहेब. आधी सांगा, ही बर्फी पोरगी बघायला आणलीय की सोडवून न्यायला?"

तो ओशाळून हसला. मग शिडीवर चढून थोरलीच्या अंगावर हात ठेवून उभा राहिला. "ऑनेस्टली सांगतो ताई. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका इंजिनमध्ये पक्षी घुसला. दुसऱ्या इंजिनवर हिनं मला घरी आणलं. सगळं खडखडत होतं, पण आणलं. आता लोक म्हणतात, स्क्रॅप करा. अहो, नवीन विमानं येतील, मान्य. पण केव्हा? तोपर्यंत आम्ही काय बसच्या खिडकीतून हात काढून बाँब टाकायचे? हिला नवीन रडार द्या, नवीन स्क्रीन द्या. बाकी ती बघून घेईल. हिनं कधी दगा दिलेला नाही."

महानंदाला त्याच्या बोलण्यातलं एक अक्षरही खोडावंसं वाटेना. उलट असं कुणीतरी बोलावं याचीच ती सकाळपासून वाट बघत होती. तिनं बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "सांगतो उद्या."

बसनं बनशंकरीला घरी पोचेपर्यंत तिनं मनातल्या मनात थोरलीला पास करून टाकलं होतं. खराब जुड्या तेवढ्या बदलायच्या. बदलताना शेजारच्या मोडणार, मग त्याही बदलायच्या. मग त्यांच्या शेजारच्या. होईल काहीतरी.

घरात बारशाची गडबड होती. सिद्धी हेब्बाळच्या ऑफिसातून सुट्टी घेऊन बाळंतपणाला आलेली, आणि तिचा दीड महिन्याचा लेक, ज्याला अजून नाव नव्हतं, गोधडीवर मुठी आवळून छताशी काही तरी महत्त्वाचं बोलत होता. हॉलच्या मधोमध पुरुषोत्तम स्टुलावर उभा होता. माळ्यावरून सिद्धीचा पाळणा काढला होता आणि त्याच्या दोऱ्या तो आढ्याच्या कड्यात अडकवत होता. चिकपेटच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडणारा माणूस, पण आज दुकान गड्यावर सोडून आला होता.

"थांबा," चपला काढता काढताच महानंदा म्हणाली. तिनं दोरी हातात घेतली, वेढा उलटा फिरवला. आतले पीळ पिवळे पडून सुटले होते. "ही नको. कात्री द्या. उद्या दुकानातनं येताना नवी आणा."

"अगं, मी हातानं वळलीय ही दोरी," पुरुषोत्तम स्टुलावरूनच म्हणाला. "पाळण्याला काय झालंय? नवी झालर लावू, नवी गादी घालू. दोरी राहू दे. सिद्धीला हिनंच झोपवलंय. एकदा तरी दगा दिला काय हिनं?"

"दगा दिला नाही म्हणूनच सिद्धी तिथं बसून चिवडा खातीय," महानंदा म्हणाली. "तेवढ्यावर तिच्या पोराला टांगायचं काय? जुनी मेहनत वेगळी, आणि आजचं वजन वेगळं."

असं म्हणून तिनं कात्री चालवली. दोरी जमिनीवर पडली, आणि मग तिचं बोलणं तिचं तिलाच ऐकू आलं.

ती कात्री घेऊन तशीच उभी राहिली. सिद्धीनं चिवड्याची वाटी खाली ठेवली. "काय गं आई?"

"काही नाही. थोरलीचं बघत होतो."

"घरात नातू आलाय, आणि तुझं अजून थोरलीच," सिद्धी म्हणाली. "मला वाटलेलं, या घरात थोरली मी."

"तू नंतरची," महानंदा म्हणाली, आणि बाळाला उचलून मांडीवर घेतलं. त्याच्या टाळूला तेलाचा आणि दुधाचा वास येत होता. ती त्याच्या पायाचा एकेक अंगठा दाबत बसली. सिद्धी पुढं काही विचारणार होती, पण आईचे डोळे भरलेले बघून ती उठली आणि चहा टाकायला गेली. पुरुषोत्तमनं कापलेली दोरी गुंडाळून खिशात ठेवली. ती टाकून दे असं कुणी त्याला सांगितलं नाही.

सकाळी महानंदा पुन्हा थोरलीच्या पोटात शिरली. या वेळी चांगल्या जागा शोधायला नाही. मग मधलीच्या, मग धाकटीच्या. उतरली ती सरळ बिंदुमाधव सरांच्या टेबलापाशी.

"सर, मधली करा. धाकटी करा. दोघींच्या वायरी मागच्या खेपेला सबंध नव्या घातल्यात, कोरड्या हवेत राहिल्यात. त्यांच्यावरचा खर्च वसूल होतो. थोरलीवरचा होत नाही. एक वायर ओढली की शेजारच्या दोघी मोडायलात."

सरांनी चष्मा काढला. त्यांनीही तिन्ही विमानं होतील अशी आशा धरली होती. "सबंध नव्या घातल्या तर?"

"तर घाला. पण मग ती होईपर्यंत साहेबांची नवीन विमानं येऊन म्हातारी होतील."

"पक्कं सांगताय अक्का?"

"मीच बांधलेल्या आहेत त्या सर. दुसऱ्या कुणी बांधल्या असत्या तर आणखी एक दिवस मागितला असता."

यशोवर्धन दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो थोरलीकडं गेला आणि शिडी चढून आपल्या जागेवर जाऊन बसला. महानंदा खाली उभी होती. मग त्यानं डोकं बाहेर काढलं.

"ताई, ही सीट धाकटीला बसेल का?"

"बसेल की. चाकांचे पाय चांगले आहेत, तेही बसतील. पंप आहेत. काच आहे. पुष्कळ आहे साहेब हिच्यात."

"मग मला धाकटी द्या," तो म्हणाला. "म्हणजे हिचा माहेरचा माणूस तिकडे असेल कोणीतरी."

"माणूस कसला, आख्खं रुखवत चाललंय," महानंदा म्हणाली, आणि दोघंही हसली. हसताना तिनं पदरानं नाक पुसलं.

दिल्लीहून होकार आला, दोघींचा. हँगरला पुढच्या काही वर्षांचं काम मिळालं; नागराजनं सगळ्यांना चहा पाजला. थोरलीच्या अंगावरचं जे जे उपयोगी ते सुटत गेलं. विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या एका कॉलेजानं तिला मागून घेतलं. पोरं तिच्यावर हात बसवणार, उघडणार, जोडणार, चुकणार. महानंदाला ते ऐकून बरं वाटलं. पोरांत गेली म्हणजे करमेल.

न्यायचा दिवस आला तेव्हा वायरिंगच्या बायका ताट घेऊन आल्या. काम संपवून विमान निघालं की त्याची ओटी भरायची ही महानंदानं घातलेली चाल. सासरी निघालेल्या लेकीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, असं ती कधीतरी गमतीनं म्हणाली होती, आणि ती गंमत पुढं रीतच होऊन बसली. खण पुरुषोत्तमच्या दुकानातला, नारळ, हळदकुंकू. फक्त तांदळाची पंचाईत असायची. हँगरमध्ये सुटा दाणा चालत नाही. इंजिनानं ओढून घेतला तर अनर्थ. पहिल्या वर्षी चार दाणे सांडले तेव्हा नागराज गुडघ्यांवर बसून एकेक वेचत, कानडीतून साऱ्यांचा उद्धार करत फिरला होता. तेव्हापासून महानंदा तांदूळ खणाच्या तुकड्यात शिवून आणायची. ती पुडी विमानाच्या नाकाला टेकवायची आणि परत घरी न्यायची. विमानं बिचारी शिवलेल्या ओटीवरच सासरी जायची.

आजही ती पुडी घेऊन आली होती. थोरली मोठ्या ट्रेलरवर चढवलेली, पंख काढून शेजारी ठेवलेले. इंजिनांच्या जागी दोन रिकाम्या गोल जागा, आणि पलीकडचं ऊन आरपार दिसत होतं. वायरिंगमधल्या भाग्यलक्ष्मीनं कुंकू लावलं. सिद्धी आली असती, पण कारखान्यात बाहेरच्यांना येता येत नाही. तिनं फोनवरून, "माझ्याकडून पण भर," असं बजावलं होतं.

महानंदानं पुडी नाकाला टेकवली. मग थांबली. पिशवीतली बारकी कात्री काढून तिनं टाके उसवले आणि ओंजळभर तांदूळ थोरलीच्या अंगावर सोडले. दाणे पत्र्यावरून टपटपत घरंगळले, ट्रेलरवर, चाकांवर, लखलखीत पुसलेल्या जमिनीवर. सगळ्या बायकांनी एकदम नागराजकडं पाहिलं.

नागराज भिंतीपाशी झाडू आणि सुपली घेऊनच उभा होता. तो दोन पावलं पुढं आला. "होगली बिडी," स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. जाऊ द्या.

ट्रेलर हलला. दारातून बाहेर पडेपर्यंत थोरलीच्या अंगावरून एखाददुसरा दाणा गळत राहिला. मधली आणि धाकटी लांब, त्यांच्या जागी उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडं जाणारी जमीन तेवढी नागराजनं मागाहून झाडली.