तारीख पुसलेली पाटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक पाटी. आता पार जुनी झाले आहे. खेळबागेच्या फाटकाशी उभं राहून नव्या खेळाची दवंडी पिटायची, हेच माझं काम. अकरा वर्षांत अकरा वेळा माझ्यावर ‘लवकरच येत आहे’ रंगवलं गेलं. रंगाच्या थरांनी अंग जड झालंय.

आमच्याकडे खेळ उभा राहण्याआधीच त्याचं चित्र माझ्यावर चढे आणि तारीखही पडे. रंगारीकाका चित्रातली माणसं मुद्दाम मुंगीएवढी काढत, म्हणजे पाळणा गगनाला भिडलेला दिसे. लोक कौतुकानं बघत. हंगाम सरला, की माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

यंदा ‘आकाशझोका’ येणार होता. ‘येत्या रविवारी’ अशी अक्षरं माझ्यावर झळकली. शुक्रवारी मेकॅनिकबाईंनी बागेच्या मालकसाहेबांना फाटकातच गाठलं.

“साहेब, माणसांऐवजी वाळूची पोती बांधून झोका आठ दिवस फिरवायचाय. आज कुठे दुसरा दिवस!”

“बाई, पाटीवर तारीख लागलीय. लोकांना काय तोंड दाखवू?”

“पाटीला ब्रेक लावावे लागत नाहीत, साहेब. लिहिलं की झालं!”

“रविवारी सुरू म्हणजे सुरू!” साहेब फणकारून निघून गेले.

रंगारीकाका शेजारीच ब्रश धूत होते. पहिल्या फेरीत त्यांची नात बसणार होती.

“बाई, तुमच्या लेकीला बसवाल?”

“नाही बसवणार, काका.”

काकांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. कुणाला न विचारता तारीख पुसली आणि लिहिलं, ‘तपासणी चालू आहे’.

ते वाचल्यावर झोक्यात बसायला कोण धजावणार? साहेबांचा नाइलाज झाला. रविवारी मुलांनी भोकाड पसरलं. एकानं मला लाथ घातली. पोचा अजून दिसतो. नातीनं तर आजोबांशी बोलणंच टाकलं.

मंगळवारी फिरत्या झोक्याची एक बैठक निखळली. पोतं खाली आदळून फुटलं. पुसलेल्या तारखेबद्दल साहेबांनी काकांना जाब विचारला नाही.

माझ्या जागी आता विजेवर चालणारा चकचकीत पडदा येणार आहे म्हणे. येऊ दे. मीही थकलेच आहे. फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. बंद खेळासमोर कुणी “थांबा” म्हणालं, तर त्याच्यावर रुसू नका. तुम्ही हसत घरी परतावं, म्हणूनच तो तुमचा राग झेलत उभा असतो.