एक्केचाळीस मुलांचा बाप

ललितच्या रहस्यकथा बसस्टँडवरच्या स्टॉलपासून दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांपर्यंत सगळे वाचत. त्यातला इतिहास मात्र तो मनाला येईल तसा ठोकून देई. नव्या कादंबरीत ख्रिस्ती धर्माचं दडवलेलं गुपित होतं, सोमवारी ती छपाईला जायची होती, आणि पहिल्याच पानावर त्याने ऐटीत लिहून टाकलं होतं, 'यातील प्रत्येक नोंद खरी आहे.' लिहिलं खरं, पण मग त्याची जरा टरकली आणि तो हस्तलिखित विमलाबाईंकडे देऊन आला.

विमलाबाईंनी त्याला आठवीत इतिहास शिकवला होता. निवृत्तीनंतर त्या आपल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या सांभाळत. कादंबरीचं बीजही त्याला त्यांच्याकडच्याच बाप्तिस्म्याच्या वहीत सापडलं होतं. तेव्हा बाई चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात पठ्ठ्याने हवे तेवढे फोटो काढून घेतले होते.

शनिवारी तो गेला तेव्हा कागदांवर पेन्सिलीच्या खुणांचं रान माजलं होतं.

"चौथ्या शतकातल्या निकियाच्या धर्मपरिषदेत येशूला एका मताच्या फरकानं देव ठरवलं म्हणतोस. अरे, दोनअडीचशे तरी बिशप होते, आणि त्यातले ठरावावर सही न करणारे शेवटी दोन उरले. बायबलात कुठली पुस्तकं घ्यायची, हा तर तिथे विषयच नव्हता."

"बाई, पण एका मतात जी धडधड आहे..."

"धडधड ठेव. पहिल्या पानावरचं वाक्य काढ. आणि आमच्या चर्चचे पाळक लग्न करतात, बायकामुलांत राहतात. तुझा हा ब्रह्मचारी पाळक कुठून आणलास?"

ललित मान डोलवत राहिला. पण त्याचा जीव तिसऱ्या प्रकरणात अडकला होता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळाच्या साली त्या वहीत एक्केचाळीस मुलांच्या बापाच्या रकान्यात एकच नाव होतं, पाळक यादव पुंजाजी. त्यावरून ललितने यादवला गुप्त वंश चालवणारा ढोंगी, लंपट खलनायक करून टाकलं होतं, तेही खऱ्या नावानिशी. अख्खी कादंबरी त्याच्यावर उभी होती.

बाईंनी वही उघडून पुढे सरकवली. "वयाचा रकाना वाचलास?"

वाचला नव्हता. फोटोत त्याने नावांपुरतंच पान घेतलं होतं. आता वाचला. चार वर्षं. नऊ. सहा. अकरा. दोन. सगळ्यांचा बाप्तिस्मा एकाच आठवड्यात.

"पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून आलेली पोरं ही," बाई म्हणाल्या. "आईबाप वाटेतच गेले. धाकट्यांना बापाचं नावही सांगता येईना. रकाना रिकामा राहिला असता तर लोकांनी त्यांना जन्मभर काय म्हटलं असतं, तुला सांगायला नको. म्हणून यादवजींनी सगळीकडे स्वतःचं नाव घातलं. चोविसावी नोंद बघ."

लंकाबाई, वय सहा.

"माझी आजी."

ललितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तिथूनच प्रकाशकाला, धनराजला, फोन लावला. खलनायक बदलायचाय, छपाई थांबव. धनराज जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण थांबला.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू?" ललित म्हणाला. "एका भल्या माणसाला मी गावभर बदनाम केलं असतं."

"केलं नाहीस ना. छापायच्या आधी विचारायला आलास, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे. खरंच बरं वाटलं रे."

ललित बराच वेळ ती नावं वाचत बसला. मग न राहवून म्हणाला, "पण बाई, काटेकोर बघायचं तर या नोंदी खोट्याच की."

आयुष्यभर पोरांच्या सनावळ्या दुरुस्त करत आलेल्या बाईंनी वहीवरून हात फिरवला.

"खोट्याच आहेत. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "या नोंदींमुळे माझ्या आजीला बाप मिळाला."