खंड्याचा जबडा

डॉक्टरबाईंनी हातमोजा घालून खंड्याचा लोंबता जबडा खालून उचलला, वरच्या दातांना टेकवला आणि हात काढून घेतला. जबडा पुन्हा खाली पडला. लाळेची तार मातीपर्यंत गेली. अंबाबाईने उजवा हात पदरात आणखी गुंडाळला.

चुडाव्याच्या शिवारात अंबाबाईच्या घरची मेंढरं आठवडाभर बसली होती. त्यांचा कुत्रा खंड्या पाच वर्षं कळप राखत होता. परवा संध्याकाळी त्याचं तोंड उघडं राहिलं, ते मिटलंच नाही.

"पिसाळला न्हवं?" तिच्या नवऱ्याने, मुंजाजीने विचारलं. काठी आज त्याच्या डाव्या हातात होती.

"आत्ताच सांगता येणार नाही, मामा," वैदेही डॉक्टर म्हणाल्या. "जबडा मिटवणारी नस मेंदूतून येते. दोन्ही बाजूंची नस सुजली की असंच होतं. तसं असेल तर दोन-तीन आठवड्यांत बरा होईल. पण रेबीजमध्येही जबडा असाच लोंबतो, आणि तो असेल तर दहा दिवसांच्या आत मरेल. साखळीला बांधा. खोल भांड्यात पेज ठेवा आणि लांब राहा."

मग त्यांनी दोघांकडे पाहिलं. "कुणी तोंडात हात घातला नाही ना? हाड अडकलंय असं वाटून लोक घालतात. घातला असेल तर दहा दिवस बघत बसायचं नाही. आजच सुई सुरू करायची. एकदा आजार दिसायला लागला की मग उपाय नाही."

"आमी काय येडे हाव का?" मुंजाजी म्हणाला. "आन् कुणी घातलाच असंल, तर ह्याला कशाला ठिवायचं? आत्ताच डोक्यात काठी घालतो."

"उगाच मारू नका, मामा."

दोन वर्षांमागे अंबाबाईने दुसऱ्या एका कुत्र्याच्या घशातून बरगडीचं हाड ओढून काढलं होतं. म्हणून काल सकाळी तिने विचारही न करता मनगटापर्यंत हात घातला. खंड्याने तो घालू दिला. बाहेर काढताना सुळा करंगळीला घासला, एवढंच. पदराआड ती जागा आता चुरचुरत होती. बोलावं तर खंड्याच्या डोक्यात काठी. न बोलावं तर राणीसावरगावचा तो पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस. लहानपणी माहेरी पाहिलेला. पाण्याचा तांब्या पुढे केला की तो भिंतीला चिकटायचा.

डॉक्टरबाई गेल्या. मुंजाजीने काठी झाडाला टेकवली. "मेंढरांची दवा आणतो पूर्ण्याहून," म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

अंबाबाईने साबणाने हात धुतला. सकाळपासून तिसऱ्यांदा. मग तांब्यातून पाण्याचा घोट घेतला आणि गिळताना घशाकडे लक्ष दिलं. काही झालं नाही. तरी तिने आणखी एक घोट घेऊन पाहिला.

"माय, किती पाणी पिऊ लागलीस?" दीपिका, तिची लेक, हसून म्हणाली.

"ऊन लय हाय. तू मेंढरापाशी बस. कुसुमबाई आजारी हाय म्हनतेत, बघून येते."

खंड्याचं पेजेचं खोल पातेलं तिने काठीने त्याच्यापुढे सरकवलं आणि सडकेकडे चालू लागली.

पूर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात सुईच्या खोलीबाहेर एकच बाक होता. बाकाच्या टोकाला मुंजाजी बसला होता. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. अंगठ्यावर पिवळं औषध.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अंबाबाई काय सांगायचं ते जुळवू लागली. तो नुसता सरकला. ती बसली. पदराचे वेढे सोडून तिने हात मांडीवर ठेवला. त्याने वाकून करंगळी पाहिली.

"कवा?"

"काल सकाळी. तुमी?"

"परवा. तू भाकरी करायली होतीस तवा."

आतून नर्सने त्याचं नाव पुकारलं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

"आधी हिला घ्या, बाई," तो म्हणाला.

ती त्याच्या जवळून जाताना त्याने आवाज खाली आणला.

"हाड न्हवतं."

"मलाबी न्हाई घावलं."

मुंजाजीने अंगठा मुठीत झाकला.

"पेज ठिवून आलीस न्हवं त्याला?"