एका गुलाबाचे काटे

काटा उडाला की देठावर ओलसर पांढरा डाग उरतो... तेवढाच. धागे कापायच्या कात्रीने ती सकाळपासून काटे उडवत होती, कटिंगच्या लांब टेबलावर, कारण आज महिला दिन, आणि शिलाई कारखान्यातल्या बायकांना वाटायचे गुलाब दरवर्षी तीच आणते, तीच साफ करते, मग रांगेत उभी राहून त्यातलाच एक हसत घेते. आपल्याच हाताने आपला सत्कार!

यंदा फुलं देणार होता नवा कटिंग मास्तर. नेमणूक कालच झाली. कापडाचा ताण बोटांनी कसा ओळखायचा ते ज्याला तिने शिकवलं — हो, तिनेच. बाह्या उलट्या कापून रडकुंडीला आला होता बेटा — तो मास्तर, आणि ती अजून ताईच. "बाईमाणसाचं कामगार ऐकत नाहीत हो," मालक म्हणाले होते. कामगारांत निम्म्याहून जास्त बायकाच, हे उत्तर तिला सुचलं ते घरी भांडी घासताना. वरातीमागून घोडं!

एका गुलाबाचे काटे तिने ठेवले. रांगेतला शेवटचा, तिचा स्वतःचा. टोचू दे मेल्याला... फोटोत हसताना टोचू दे.

दुपारी मशिनं थांबली. मालकांनी स्त्रीशक्तीवर भाषण ठोकलं. मास्तर फुलं देत देत तिच्यापुढे आला, बादलीतलं उरलेलं फूल त्याने मुठीत धरलं — आणि त्याचे डोळे बारीक झाले. तिला आतून उकळ्या फुटल्या. आता ओरडेल, आता कळेल त्याला...

"काटे राहिले वाटतं, ताई," तो अंगठा चोखत हसला. "असू दे, एवढ्या फुलांत एखादं राहायचंच."

चूक! तिच्या हातून कधी उलटी बाही कापली गेली नाही, आणि हा तिला चूक माफ करत होता.

"पुढच्या वर्षीही तुम्हीच बघा हं. तुमच्याइतकं नीट कोणाला जमत नाही."

हेच वाक्य, अगदी हेच, कालपर्यंत ती मालकांच्या तोंडून ऐकायची वाट बघत होती.

"बघते की," ती म्हणाली. आवाज किती गोड... कुठून आला हा? टाळ्या पडल्या, फोटो निघाला, मशिनं पुन्हा सुरू झाली. ती तिथेच उभी, देठ मुठीत घट्ट आवळून. काटे रुतत होते. दुखतंय तोवर ते 'बघते' परत घेता येईल असं तिला वाटत राहिलं, आणि मूठ काही तिने सोडली नाही.