चौथ्या दिवसाच्या चार मुठी

काडेपेटी खुळखुळली.

घर चिडीचूप होतं. पुढच्या खोलीत धाकटीचा थोरला भाऊ, दादा, घोरत होता, आणि तो झोपलेला असला की मागच्या खोलीतल्या दोघी मायलेकी भांडंसुद्धा अलगद ठेवायच्या. धाकटीनं झटकन हात पुढे करून लेकीच्या मुठीसकट काडेपेटी दाबून धरली.

“आई, आज चौथा दिवस,” लेक कुजबुजली. खाऊ गालात साठवून ठेवायची तिची सवय, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणायचे, घाईत नुसतं खारू. “आज माझ्या चार मुठी.”

“चारच. पाचवी नाही.”

दोघी अनवाणी मागच्या अंगणात आल्या. पावाची नवी भट्टी तिथं पालथ्या टोपलीसारखी बसली होती. भट्टी बांधून झाली की लगेच धडधडून पेटवायची नसते, तिला रोज थोडी थोडी शेकायची असते. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी दोन मुठी, असं सात दिवस. मोजायला मूठ खारूची, कारण मोठ्या माणसाच्या मुठीत मोह असतो, असं गवंडीकाका म्हणाले होते. काटक्या विझत आल्या की धाकटी घुमटावर तळहात ठेवायची. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आजही घुमटाच्या उजव्या खांद्याशी तिचा तळवा ओला झाला.

तो खांदा दादानं फोडला होता.

दादाचं काम पाडकामाचं. जुनी घरं घणानं पाडायची आणि निघालेली दारं-खिडक्या विकायची. त्या ठेवायला त्याला अंगण हवं होतं. पण नवरा गेल्यावर धाकटी माघारी आली तेव्हा वडिलांनी अंगण आणि मागची खोली हिच्या नावावर केली. महिन्यापूर्वी भट्टीची शेवटची वीट बसली, त्याच दिवशी तो घण घेऊन आला. पहिला घाव, दुसरा घाव. तिसऱ्याला घुमटाचा खांदा आत कोसळला. ही आडवी गेली, तर त्यानं घणाचा दांडा हिच्या बरगडीत खुपसला आणि म्हणाला, “सर गं, उगाच लागेल तुला.” अजून शिंक आली की ती बरगडी धरून खाली बसायची.

पण ती पुन्हा उभी राहिली. भट्टीच्या विटांचा पार चुरा झाला होता, तेव्हा भगदाडात तिनं वीतभर जाडीचं काँक्रीट ठासून भरलं. गवंडीकाकांनी ते बघून तोंड वाकडं केलं होतं.

“पोरी, हा गोळा पाणी पिऊन बसलाय. सावकाश शेक. ओल घाईनं तापली ना, की वाफ दार शोधत बसत नाही. भिंत घेऊन बाहेर येते. एका भटारखान्यात माणूस गेलेला बघितलाय मी.”

हे तिनं खारूला इतक्यांदा सांगितलं होतं, की पोरगी बाहुलीला आंघोळ घालून झाली की म्हणायची, “सावकाश वाळ गं बाई, फुटशील.”

नाक्यावरच्या चहावाल्यानं आठव्या दिवसापासून रोज पाव घ्यायचं कबूल केलं होतं. पाव सुरू झाले की दादाच्या तोंडाकडे बघायला नको. मग पहिलं काम एकच: दोन्ही खोल्यांच्या मधलं, त्याच्या बाजूनं कडी असलेलं दार विटांनी बुजवायचं. त्यापुरत्या साध्या विटा तिनं पलंगाखाली रचून ठेवल्या होत्या. रात्री हात खाली सोडून ती त्यांना शिवून बघायची.

भट्टी दुरुस्त झाल्यावर दादानं पुन्हा घण का उचलला नाही, ते त्याच दुपारी कळलं. मधलं दार लाथेनं उघडून तो आत आला. खांद्यावर बकऱ्याची अख्खी मांडी.

“ए धाकटे! संध्याकाळी चार माणसं जेवायला येतायत. पेटव तुझी भट्टी.”

“दादा, अजून तीन दिवस. ओली आहे ती.”

“भट्टी आहे का बाळंतीण?” तो स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला. “तेल लावून अंग रगडतेस का तिचं?”

त्यानं मांडी तिच्या कणकेच्या परातीत आदळली आणि अंगणात जाऊन जुन्या खिडक्यांच्या चौकटी गुडघ्यावर मोडायला लागला. कडाड. कडाड. त्यानं पहिला भारा भट्टीच्या तोंडात कोंबला तशी खारू धावत गेली आणि दोन्ही हात पसरून तोंडापुढे उभी राहिली.

“नाही मामा! आज माझ्या चारच मुठी! झाल्या त्या!”

दादानं तिला बाजूला केलं नाही. मारलं. उलट्या हातानं, ओझं फेकावं तसं. पोर मोडक्या चौकटींवर जाऊन पडली. आधी काहीच आवाज आला नाही. मग तिनं तोंड उघडलं, तेव्हा ते लाल होतं आणि पुढचा एक दात जागेवर नव्हता.

धाकटीनं फावडं उचललं. ते त्याच्या खांद्यावर बसलं, पण नुसतं पातं घासून गेलं. त्यानं फावडं हिसकलं, तिचा हात पिरगाळला, केसांना धरून तिचं डोकं घुमटावर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आपटताना तो तिच्या कानात जवळजवळ प्रेमानं म्हणाला, “का गं अशी करतेस? लहानपणी किती शहाणी होतीस.”

मग त्याला दम लागला. त्यानं तिला सोडलं, घाम पुसला आणि उरलेलं लाकूड आत रचलं, वरून डबाभर रॉकेल ओतलं. काडेपेटी मागायला वळला तेव्हा जरा थांबला. त्याला पाडायच्या भिंती कळायच्या, बांधायच्या नाहीत.

“ओली ओली करत होतीस. फुटेलबिटेल नाही ना?”

धाकटीनं खारूकडे पाहिलं. पोर तळहातावर दात घेऊन बसली होती.

“नाही फुटत,” ती म्हणाली. “पेटव.”

तिनं काडेपेटी त्याच्या हातात दिली, लेकीला कडेवर उचललं, आत आली आणि अंगणाचं दार लावून घेतलं. ओल्या फडक्यानं ती खारूचं तोंड पुसत राहिली. बाहेर आग घुमायला लागली. थोड्या वेळानं आगीच्या आवाजात एक बारीक शिट्टी मिसळली.

“धाकटे!” दादाचा आवाज आला. “ही शिट्टी कसली वाजते गं?”

फडकं हवेत थांबलं. खारूनं आईकडे पाहिलं.

“अगं ए! आतून वाजतंय काहीतरी. बघू दे जरा...”

तिच्या तोंडाशी त्याचं नाव आलं, दात घट्ट आवळून तिनं ते गिळलं.

मग धडाका झाला. कपाटावरचे डबे खाली आले, कौलांवर दगडांचा सडा पडला. ती दार उघडून धावली. भट्टीचा उजवा खांदा जागेवर नव्हता. दादा भट्टीच्या तोंडापासून पाच हात मागे उताणा पडला होता. शर्टाला आग, चेहऱ्याची एक बाजू काँक्रीटच्या खड्यांनी चाळणीसारखी झालेली, आणि एका डोळ्याच्या जागी बघवत नव्हतं. तिनं अंगणातली पोती पाण्यात बुडवून त्याच्यावर टाकली, नुसत्या हातांनी निखारे झटकले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो तिचा पदर चाचपत होता.

“आई,” तो म्हणत होता. “आई, मला दिसत नाहीये.”

शेजारच्यांनी त्याला दारावर घालून नेलं. त्यानंच कुठून तरी उखडून आणलेलं दार. डॉक्टर म्हणाले, जगेल बहुतेक. एक डोळा गेला, दुसऱ्याचं सांगता येत नाही.

संध्याकाळी गवंडीकाका येऊन भगदाडापुढे उकिडवे बसले. “त्याला काय ठाऊक ओलीचं,” ते म्हणाले. “तुझा काय दोष, पोरी.” आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

ती पायरीवर बसून राहिली. दोन्ही तळहातांना फोड आले होते. खारू शेजारी येऊन टेकली, सुजल्या ओठानं, काडेपेटी मुठीत धरून. विझलेल्या निखाऱ्यांतून ती तिनं कधी शोधून आणली, कळलंच नाही. पेटीचा एक कोपरा जळला होता. पोरीनं ती कानाशी नेऊन हलवली. आत एकच काडी होती.

“आई,” ती म्हणाली, “मला तर पाचवी मूठसुद्धा टाकू देत नव्हतीस. मग मामाला ‘पेटव’ का म्हणालीस?”