मागच्या दाराचं कुलूप

"आई, एकशे दहा बार प्रेशरचं मशीन घेऊ की एकशे चाळीसचं?" मयुरेशने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मी भेंडी चिरत होते, चिरतच राहिले.

श्रावणात मागच्या अंगणात शेवाळावरून पाय घसरून मी पडले आणि मनगट मोडलं. त्याच दिवशी माझ्या या लेकाने मागच्या दाराला कुलूप घातलं. पाण्याच्या जोराने फरशी धुणारं मशीन येईपर्यंत आईने अंगणात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. मी म्हटलं, ब्लीचिंग पावडर आणि खराटा दे, तासाभराचं काम आहे. कोण ऐकतंय! प्लास्टर निघालं, दिवाळी गेली, शेवाळसुद्धा उन्हाने वाळून गेलं, पण मशीन काही ठरेना. एकाची मोटर तापते, दुसऱ्याचा पाइप आखूड. दोनदा अंबडच्या दुकानांत जाऊन रिकाम्या हाताने आला. बायको म्हणून आभाला त्याने अर्ध्या तासात पसंत केलं होतं.

एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात नर्स होते. रडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या माणसांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी धरून चालवलं. झोपून राहिलात तर झोपूनच राहाल, असं दटावायचे. आणि माझ्याच पोराने मला बसवून ठेवलं. पुढच्या दाराबाहेर गंगापूर रोडची वर्दळ, म्हणून तिकडेही एकटीने जायचं नाही. चार महिन्यांत गुडघे धरले. आता खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. या गोष्टीची मला भयंकर चीड येते.

अखेर रविवारी मशीन आलं. मयुरेश पँट दुमडून दोन तास फवारा मारत होता. फरशी नव्यासारखी निघाली. सून फोटो काढत होती. मी चपला घालून दाराशी जाऊन उभी राहिले.

तो आत आला, दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.

"अगं, आता तर जास्तच गुळगुळीत झालीय. तू नकोच जाऊस."

"किल्ली दे, मयुरेश."

तो हसला. किल्ली खिशात टाकली. आभा म्हणाली, "आई, तुमच्या काळजीपोटीच करतायत ते."

मी हात पुढे केला. त्याने चहाचं विचारलं. आभाने चहा टाकला, तो उकळला, गाळून झाला, दोघं टेबलाशी बसली. माझा कप त्यांनी माझ्या खुर्चीसमोर ठेवला. मी दाराशीच उभी होते, हात तसाच पुढे करून.