लॅमिनेट केलेली पदवी

ठकू कचेरीतून आली ती चपला न काढता थेट माझ्या खोलीत. ठकू म्हणजे माझी नात. नदीच्या गाळावर संशोधन करून डॉक्टर झाली, पुढच्या महिन्यात परदेशातल्या प्रयोगशाळेत रुजू व्हायची होती, पण घरात अजून ठकूच. पदवीचं प्रमाणपत्र तिने माझ्या पलंगावर टाकलं.

"आजी, हे लॅमिनेट कोणी केलं?"

कोणी म्हणजे काय, मीच. गेल्या वर्षी पदवी घरी आली त्याच आठवड्यात मोठ्या कौतुकाने मी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन दिली होती.

"व्हिसासाठी लागणारा शिक्का प्लॅस्टिकवर मारत नाहीत म्हणे," ती म्हणाली. "उघडा कागद आणा, नाहीतर विद्यापीठातून दुसरी प्रत काढा."

"मग काढू की."

"दोन महिने लागतात गं! व्हिसाची तारीख गुरुवारी आहे. एक तारखेला मी तिथे हजर नसले तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. पत्रात स्वच्छ लिहिलंय."

त्या दिवशी सोमवार होता.

"असू दे, आई," सून दारातून म्हणाली. पण ते असू देण्यासारखं नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

लाज जास्त वाटली ती यासाठी, की परदेशी कसं जावं याचे धडे ठकूला मीच देत होते. बेचाळीस वर्षांपूर्वी मीही गेले होते, धान्यावरच्या बुरशीचा अभ्यास करायला. ठकूचं पत्र आल्यापासून रोज दुपारी तिला समोर बसवून मी सांगत होते. दात इथेच तपासून घे, तिकडे ठणका लागला की महिन्याने तारीख मिळते. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घे, कंपनीचं नाव तिकडे कोणाला कळत नाही. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वर्षभराचा करार करू नकोस. आणि प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाईशी आधी ओळख कर. कुठल्या कपाटाची किल्ली कुठे असते ते प्राध्यापकांना ठाऊक नसतं.

पण सगळ्यात आधी एकच सांगत असे: कागद जिवापाड जपायचे. कारण माझ्या वेळी खोबरेल तेलाची बाटली बॅगेत फुटली आणि माझी पदवी तेलात भिजली. तिथल्या कचेरीतल्या बाईने तो कागद दोन बोटांनी उजेडात धरला. आरपार दिसत होतं. खात्री करून घ्यायला त्यांना सहा आठवडे लागले. तोवर मला प्रयोगशाळेत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. मी भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसून रस्ता झाडणारा माणूस किती वाजता येतो ते पाहत असे. अजून सांगू शकते, सव्वासातला. त्या सहा आठवड्यांची धास्ती मनात बसली होती, म्हणून ठकूच्या पदवीला तेल लागू नये, पाणी लागू नये, आणि केलं काय, तर हे.

प्रमाणपत्र पिशवीत घातलं आणि काठी घेऊन मी झेरॉक्सवाल्याकडे निघाले. ठकू मागोमाग आली. "आजी, ते सोलायला जाऊ नको हं. कागद फाटेल."

दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. मी पिशवीतून काढून त्याच्यापुढे धरलं. "हे प्लॅस्टिक निघेल का? खरं सांग."

त्याने चष्मा खाली घेतला, पाहिलं आणि हसला. मला इतका राग आला!

"हसतोस काय? पोरीचं जाणं अडलंय."

"काकू, ही कलर झेरॉक्स आहे. तो कोपऱ्यातला सोनेरी शिक्का बघा, चपटा आहे. खऱ्याला उठाव असतो."

ठकूने ते माझ्या हातातून ओढून घेतलं.

"मी मूळ डिग्री लॅमिनेट करतच नाही," तो म्हणाला. "शिक्क्याला अडतं आणि लोक इथे येऊन रडतात. तुम्ही त्या दिवशी हट्टाला पेटला होतात. तुमच्याशी वाद कोण घालणार? झेरॉक्स काढली, ती लॅमिनेट केली आणि मूळ कागद वेगळ्या पाकिटात घालून दिला. दुसऱ्या दिवशी तुमचा मुलगा आला होता न्यायला. त्याला सांगितलंय मी."

ठकूने तिथूनच बापाला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

"पाकीट?" माझा मुलगा म्हणाला. "हो, म्हणजे होतं कसलं तरी. मला वाटलं बिल असेल."

"बाबा! ठेवलंत कुठे?"

"तुझ्या आईला दिलं असेन. मी काय ठेवतो का कधी काही?"

सुनेला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तपकिरी? पिना मारलेलं? थांब, फोन ठेवू नकोस." कपाटाचं दार कुरकुरल्याचं ऐकू आलं. कागदांची सळसळ. मी काउंटर घट्ट धरून उभी होते. दुकानदाराने मशीन बंद केलं.

"फ्रिजच्या गॅरंटीच्या फाइलमध्ये आहे," सून म्हणाली, आणि एकदम हसायला लागली. "मिक्सरच्या आणि इस्त्रीच्या मधोमध. अगं, एक घडीसुद्धा नाही पडलेली!"

मला स्टुलावर बसावं लागलं. दुकानदाराने पाणी दिलं. ठकू माझ्या गळ्यात पडली आणि त्यातच म्हणाली, "आजी, यापुढे माझ्या कागदांना हात लावलास तर बघ."

"नाही लावत बाई," मी म्हटलं. खरंच नाही लावला. मंगळवारी शिक्का मिळाला, गुरुवारी व्हिसाचं काम झालं. ठकू बॅग भरत होती तेव्हा मी लांब खुर्चीत बसून होते. फक्त तेलाची बाटली दिसली तेव्हा तोंड उघडलं. ठकूने मुकाट्याने ती बाहेर काढली.

पोचल्यावर चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "आजी, इथल्या बाईने पदवी उजेडात धरून पाहिली."

"मग?"

"मग काय! शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि परत दिली. उद्यापासून प्रयोगशाळा. आणि काचसामान धुणारी बाई नाहीये, मशीन आहे. आता ओळख कोणाशी करू?"

"मशीन दुरुस्त करायला जो येत असेल त्याच्याशी," मी म्हटलं.

लॅमिनेट केलेली ती झेरॉक्स माझ्या उशाशी आहे. तिच्यावर चहाचा कप ठेवते. डाग लगेच पुसला जातो.